सुशीआत्याचा खालचा आवाज

आमची जमीन पाण्याखाली आहे असं सांगितलं की लोकांना वाटतं पूर आला असेल. पूर नाही. पवनेचं धरण झालं आणि तिकोणा पेठेजवळची आमची भाताची खाचरं पाण्यात गेली, ती कायमची. उन्हाळ्यात धरण उतरलं की आमच्या जुन्या घराचं जोतं वर दिसतं. आजोबा होते तोवर दर वैशाखात तिथं जाऊन थोडा वेळ उभे राहायचे आणि परत यायचे. उरली डोंगरालगतची वरकस पट्टी. तिच्यात नाचणी व्हायची, तीही जेमतेम. पिढ्यान्‌पिढ्या भात पिकवणारं आमचं घर तांदूळ विकत आणायला लागलं. आजी सांगायची, दुकानातून पहिल्यांदा तांदूळ आणले त्या दिवशी ती पिशवी पदराखाली झाकून घरी आली. चोरी केल्यासारखी.

मग आजोबा लोणावळ्याला एका पारशी बाईंच्या बंगल्यावर राखणीला लागले. गावात एक खोली ठेवली, सणावारापुरती. बंगल्याच्या दिवाणखान्याला पाठ लावून मागं दोन खोल्या होत्या, तिथं सगळं बिऱ्हाड. आजोबा, आजी, माझे वडील, ज्यांना मी आबा म्हणते, ते तेव्हा बारा-तेरा वर्षांचे, आणि त्यांच्याहून चार वर्षांनी धाकटी सुशीला. ही सुशीला म्हणजे माझी आत्या. तिच्याबद्दल लिहायचं मी बरेच दिवस टाळत होते.

बाई दर शनिवारी मुंबईहून यायच्या. त्या आल्या की आजी पोरांना दम द्यायची, "खोकला आला तरी गिळायचा." बाईंना गाण्याचा नाद. दिवाणखान्यात पियानो होता आणि तबकड्यांचं एक मोठं कपाट. तबकड्या बहुतेक अमेरिकेतल्या काळ्या गायकांच्या. एकानं पुढं होऊन गायचं आणि दोघी-तिघींनी मागून त्याला उचलून धरायचं, अशी ती गाणी. आबांकडं शनिवारी बाईंची गाडी धुण्याचं काम असे. गाडी दिवाणखान्याच्या खिडकीखाली उभी असायची. सुशीला मागच्या खोलीत भिंतीला टेकून तांदूळ निवडत बसायची.

आता ही भिंत नीट सांगायला हवी, कारण आत्याचं सगळं गाणं त्या भिंतीतून आलं. दगडी भिंतीतून बारीक आवाज येत नाही. तो आतच राहतो. येतो तो जाड, खालचा. पुढं गाणाऱ्याची चाल त्या पोरीला कधी ऐकूच आली नाही. मागच्या बायकांतली जी सगळ्यात खाली गायची, तेवढीच भिंत ओलांडून यायची. हिला वाटलं, गाणं म्हणतात ते हेच. तिनं तेच पाठ केलं.

ती पंधरा-सोळाची असताना बाईंनी नाताळाला चार पाहुणे बोलावले होते. त्यांत रेल्वेतल्या एका गार्डची मुलगी होती, स्टेला. चर्चमध्ये गायची. बाई पियानोवर बसल्या आणि स्टेलानं गाणं धरलं. आत्या चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. पियानोच्या खालच्या सुरांवरून गाणं ओळखीचं निघालं आणि हिच्या गळ्यातून तिचं ते खालचं आपोआप सुरू झालं. ट्रे हातातच. बाईंनी वाजवणं थांबवलं नाही. गाणं संपल्यावर त्यांनी त्यांच्या मराठीत विचारलं, "सुशीला, तुला हे कोणी शिकवला?"

"हिनं," आत्या म्हणाली आणि तिनं भिंतीकडं बोट दाखवलं.

स्टेला इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं.

हा प्रसंग आत्या दर वेळी सांगायची आणि दर वेळी शेवटी तेच म्हणायची, "मने, मला त्या दिशी पयल्यांदा कळलं की माज्या गाण्याच्या वर अजून एक गाणं हाय."

पुढं बाईंनीच दोघींना लोणावळ्यातल्या एका हॉटेलात नेऊन उभं केलं. मॅनेजरनं कुठल्यातरी मासिकात तीन बायका गाताना पाहिल्या होत्या, म्हणून त्याला तीनच हव्या होत्या. तिसरी शोधली. तिघींना सारख्या निळ्या साड्या घेतल्या आणि बोर्डावर नाव लिहिलं, 'व्हॅली सिस्टर्स'. आमच्या गावातल्या बायका त्याला 'वाली शिस्टर' म्हणायच्या. तेही तोंडाला पदर लावून.

ही तिसरी कधी टिकली नाही. कुणाचं लग्न झालं, कुणी मुंबईला गेली, एकीला नवऱ्यानं अर्ध्या कार्यक्रमातून उठवून नेलं. आत्या त्यांची नावं लक्षात ठेवायची, पण हाक मात्र सगळ्यांना एकच, "ए तिसरे!" आत्याची दोन स्थळं हॉटेलात गाते म्हणून मोडली. तिसरं ती स्वतःच नको म्हणाली. "लगीन केलं असतं तर मला बी तिसरीवानी जावं लागलं असतं," ती म्हणायची. "मग स्टेलाच्या खाली कोण ऱ्हायलं असतं?"

स्टेला आणि ती, दोघी मिळून एकेचाळीस वर्षं गायल्या. हॉटेलात, लग्नात, हळदीला, बंगल्यांवरच्या पार्ट्यांत, कंपन्यांच्या वर्धापनदिनाला. इंग्रजी, हिंदी, मराठी, समोरचे लोक मागतील ते. एकेचाळीस वर्षांत आत्यानं एकही गाणं वरून गायलं नाही. कायम स्टेलाच्या डाव्या हाताला, अर्धं पाऊल मागं. कुणी विचारलं, तुम्ही पुढं का येत नाही, की तिचं उत्तर ठरलेलं होतं. "जात्याची वरची तळी फिरती, तीच दिसती. खालची हलली तर पीठ पडंल का?"

तिच्या सवयी कुणालाही वेडेपणाच्या वाटल्या असत्या. बारा महिने गळ्याला मफलर. लोणावळ्याचं धुकं सरळ गळ्यात जाऊन बसतं असं तिचं मत. कार्यक्रमाच्या दिवशी ती चिक्कीला हात लावायची नाही आणि स्टेला मुद्दाम तिच्यासमोर कडाकडा चिक्की खायची. नव्या ठिकाणी गेलं की ही आधी भिंतीपाशी जायची. तळहातानं भिंत थोपटायची, कान लावायची, मग म्हणायची, "हितं जमंल." किंवा, "हितं पडदे लय हायत, आवाज गिळत्याल." एकदा खंडाळ्याला एका हळदीत ऐन गाण्यात वीज गेली. माईक मेला. वाजवणारे थांबले. स्टेला गातच राहिली, पण मोकळ्या हॉलमध्ये तिचा आवाज विरायला लागला. आत्या अंधारात चाचपडत कोपऱ्यात गेली, दोन भिंतींच्या बेचक्यात तोंड करून उभी राहिली आणि तिथून तिनं आपलं खालचं सोडलं. त्या हळदीला मी होते. अकरा-बारा वर्षांची असेन. जमिनीतून गाणं वर येतंय असं वाटलं. नवरीची आजी म्हणाली, "लायटी आल्या न्हाईत तरी चालंल आता."

एवढं सगळं होतं, पण आत्याला एक गोष्ट हवी होती आणि ती तिला मिळत नव्हती. तिला गावात गायचं होतं. तिकोणा पेठेला, भैरवनाथाच्या देवळासमोर, जत्रेत. एकदा.

मी सातवीत असताना गावातल्या तरुण मुलांनी ते काढलंही होतं. देवळात बैठक होती. एकजण आबांना म्हणाला, "भाऊ, औंदा सुशीमावशीचा कार्यक्रम ठिवू की. घरचीच हाय." आबा उठून उभे राहिले. आबा मुळात कमी बोलणारे. आजोबांच्या मागं ते गावी परत आले होते आणि आसपासच्या बंगल्यांवर माळीकाम करत होते, नळी हातात धरून तासन्‌तास उभं राहायचं, दातातल्या दातात फुसफुस शीळ घालायची, जिचा सूर कधी कुणाला कळला नाही. ते त्या दिवशी खणखणीत बोलले.

"माज्या भनीला मांडवात उभी करायची न्हाई. ज्याला ऐकायचंय त्यानं हाटेलात जाऊन ऐकावं."

"तुमी ऐकलंय का भाऊ?"

"न्हाई. आन् ऐकायचं बी न्हाई."

आबांच्या आणि तिच्या भांडणाचा असा एक दिवस नव्हता. दिवाळीला ती यायची, ओवाळायची, ते ताटात ओवाळणी टाकायचे आणि उठून गोठ्यात जायचे. तिच्या गाण्याचा शब्द घरात निघाला की तेवढ्यात त्यांना कुठलं तरी काम आठवायचं. ती मोडलेली दोन स्थळं आबांनी आणलेली होती, हे मला फार उशिरा कळलं. पावसात चालत जाऊन, टाकव्यापर्यंत, हातापाया पडून आणलेली.

आत्या त्यांच्यावर कधी रागावली नाही. "दादाला कुणाचा तरी बोल लागला असंल," एवढंच. पण दर वर्षी जत्रा झाली की दुसऱ्या दिवशी तिचा फोन यायचा. "औंदा काय ठिवलं हुतं गं पोरांनी?" मी सांगायचे. मग, "देवळाम्होरं आवाज कसा वाटतुया?" हा प्रश्न दर वर्षी. मला काय कळणार, मी म्हणायचे, "चांगला वाटतो."

मला कॉलेजात घालायचं आत्यानं ठरवलं. आबा म्हणत होते, बारावी पुष्कळ झाली. आत्या दिवाळीला आली, ओवाळलं, आणि ताट खाली ठेवायच्या आधी म्हणाली, "दादा, औंदा ओवाळणी नगं. मनीला कालिजात धाड." आबा गोठ्यात गेले नाहीत. "धाडतो," म्हणाले. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढं गेलेलं नव्हतं. मी बी.ए. झाले, इंग्रजी घेऊन झाले, आज तळेगावला शाळेत इंग्रजी शिकवते. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. पण याच अभिमानानं दोन ठिकाणी घात केला. तेही लपवणार नाही.

पहिला छोटा होता. आत्याकडं एक वही होती, लांबडी, कडा काळ्या झालेली. तिच्यात सगळी इंग्रजी गाणी देवनागरीत लिहिलेली. शब्द नव्हे, नुसते उच्चार. ओळींच्या मधे मधे लहान लहान शून्यं काढलेली. कुठं चार, कुठं आठ. मी दुसऱ्या वर्षाला होते. वही हातात आली आणि मला शिकवायची हौस. त्यांचं सगळ्यात जुनं गाणं, तेच नाताळातलं, दोघी प्रत्येक लग्नात शेवटी गायच्या. मी ते वाचलं, मनातल्या मनात शब्द जुळवले आणि म्हटलं, "आत्या, अगं हे लग्नात काय गाता? हा माणूस घर सोडून गेलाय. तो म्हणतोय, मी चुकलो असेन, पण दाराला कडी घालू नका, मी परत येईन."

आत्या भाजी निवडत होती. तिचा हात थांबला. वीस-पंचवीस वर्षं ती ते गात होती.

"कडी घालू नगा?"

"हो."

तिनं हातातली काडी बाजूला टाकली. मग म्हणाली, "मग लग्नात चालतंय की. पोरगी घर सोडूनच चाललेली असती."

मी हसले. तीही हसली, पण त्यानंतर ते गाणं आलं की ती डोळे मिटायला लागली, असं स्टेलानं मला सांगितलं. आधी कधी मिटत नव्हती.

मी वहीतल्या शून्यांबद्दलही विचारलं. "ही काय गं?"

"ती स्टेलाची जागा. तितं ती एकटी गाती. मी पेरं मोजते." तिनं अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवून दाखवला. एक, दोन, तीन, चार. "एक पेर हुकलं तर सगळं गेलं."

दुसरा घात मोठा.

चार-पाच वर्षांपूर्वी गावच्या जत्रा कमिटीचे लोक माझ्याकडं तळेगावला आले. गावची पहिली पदवीधर मुलगी म्हणून माझा सत्कार करायचा होता. पदवीला इतकी वर्षं झाल्यावर त्यांना आठवलं, पण असो. मी म्हटलं, "सत्कार घेईन. पण एका अटीवर. त्या दिवशी माझी आत्या देवळासमोर गाणार." ते एकमेकांकडं बघायला लागले. "भाऊंचं काय?" मी म्हटलं, "आबांचं मी बघते." आबांना मी सांगितलं, विचारलं नाही. ते अंगणात कुंपणाची काठी सरळ करत होते. मान वर न करता म्हणाले, "तुमी शिकलेली माणसं. करा."

मला वाटलं, जिंकले.

आत्या तेव्हा मळवलीला राहत होती. एका फार्महाऊसची देखभाल करायची आणि मागच्या दोन खोल्यांत राहायची. फिरून तेच बिऱ्हाड. मी ही बातमी घेऊन गेले तेव्हा ती ओसरीत बसली होती आणि तिनं ऐकून आनंदानं टाळी वगैरे काही वाजवली नाही. तीनच महिन्यांपूर्वी स्टेला गेली होती. झोपेत, हृदय बंद पडून.

"मी एकटी काय गाऊ, मने?"

"काय म्हणजे? तुला गाणी पाठ आहेत. ते कडीचं गा."

"माजं गाणं दुसऱ्याच्या गाण्याखाली असतं गं."

"आत्या, एकेचाळीस वर्षं गायलीस. एक गाणं नाही येणार?"

तिनं माझ्याकडं बघितलं. मला वाटतं तिला माझं मन मोडायचं नव्हतं. किंवा गावात गायची इच्छाच इतकी होती की तिनं स्वतःला फसू दिलं. म्हणाली, "बरं."

चाल तिला माहीत नव्हती असं नाही. ऐकून ऐकून पाठ होती. पण गळ्याला ती वाट कधी पडलेलीच नव्हती. एकेचाळीस वर्षं भात लावणाऱ्याला एका दिवसात झाडावर चढायला सांगावं तसं ते झालं. हे मला आज समजतं. तेव्हा मी इंग्रजीची मास्तरीण होते आणि मला वाटत होतं, पाठ आहे म्हणजे येतं.

जत्रेच्या दिवशी दिवेलागणीला माझा सत्कार झाला. नारळ, शाल, भाषण. पहिल्या रांगेत खुर्च्या, तिथं मी आणि शेजारी आबा. ते आले हेच मला मोठं वाटलं होतं. मग आत्याचं नाव पुकारलं. पूर्ण नाव, एकटं. ती वर आली. निळी साडी नेसली होती. सवयीनं आधी बाजूला गेली, भिंत शोधायला. पण देवळासमोरचं मैदान ते, मागं नुसती कापडी कनात. तिनं कनातीला हात लावला. कापड हललं. ती माझ्याकडं बघून ओठांनीच म्हणाली, "हितं भितच न्हाई."

माईक मधोमध होता. ती त्याच्या डाव्या हाताला उभी राहिली, अर्धं पाऊल मागं. साउंडवाला ओरडला, "मावशी, माईकपाशी या की!" ती सरकली, पण पुरती नाही. उजवीकडं एका माणसाची जागा राहिलीच.

कामशेतहून आणलेल्या कीबोर्डवाल्यानं सुरुवात केली आणि आत्या गायला लागली.

आला तो तिचा खालचा आवाज. चाल नाही. चालीच्या खालचं. एकाच दोन-तीन सुरांवर संथ चालणारं, जाड, गंभीर. मला माहीत होतं म्हणून मला कळलं. बाकी मैदानाला काय कळणार? मागून कुणी तरी मोठ्यानं म्हणालं, "गाणं चालू झालं का माईक टेस्टिंग हाय?" लोक हसले. बायका उठून पाळण्यांकडं निघाल्या. आत्या गात होती. मग ती पहिली शून्यं आली. आठ. आत्या थांबली. तोंड मिटलेलं, नजर समोर, आणि साडीच्या निऱ्यांपाशी अंगठा पेरांवरून सरकतोय. मैदानात एकदम शांत झालं. नुसता जनरेटर.

"इसरली," मागचा माणूस म्हणाला. "इसरली बगा म्हातारी."

आबा खुर्चीतल्या खुर्चीत वळले.

"इसरली न्हाई. थांबलीया. गप बस."

मी आबांकडं बघतच राहिले. आत्यानं आठवं पेर सोडलं आणि अचूक पुढची ओळ धरली. आबा माझ्याकडं वाकले आणि हळू आवाजात विचारलं, "वरची कुटाय?"

"कोण वरची?"

"गाणं वरनं जातं. हे खालचं हाय. वरचं म्हननारी कुटं हाय?"

"स्टेला? आबा, ती वारली. चार महिने झाले." मग मी विचारलं, "तुम्हाला कसं माहीत गाणं वरून जातं ते?"

आबा स्टेजकडं बघत होते. "ती भितीमागं हुती," ते म्हणाले. "मी खिडकीखाली गाडी धूत हुतो. मला वरचंच ऐकू यायचं."

पुढं अजून दोनदा ती शून्यं आली. दोन्ही वेळा ती थांबली आणि दोन्ही वेळा लोक कुजबुजले. ती जागा भरायला त्या मैदानात एकच माणूस होता आणि तो माझ्या शेजारी गुडघ्यांवर हात दाबून बसला होता. त्यांचे ओठ हलले का ते मला नक्की सांगता येणार नाही. आवाज निघाला नाही. आणि चाल मलाही येत होती. अंगावर शाल, मांडीवर नारळ. मीही उठले नाही.

आत्या गाणं पुरं करून उतरली. टाळ्या वाजल्या, जेवढ्या वाजवाव्या लागतात तेवढ्या. आबा तोवर उठून गेले होते.

परत मळवलीला सोडताना गाडीत ती खिडकीबाहेर बघत होती. मी माफी मागणार तेवढ्यात म्हणाली, "पुरं गायले. एक बी पेर हुकलं न्हाई." पवनेचं पाणी मागं पडलं. मग, "लोकास्नी निम्मंच ऐकू आलं."

त्यानंतर ती गायली नाही. मफलर काढून ठेवला. मी चिक्की नेली तर कडाकडा खायची आणि म्हणायची, "स्टेला आता वरनं बघत असंल, जळत असंल." पुढच्या जत्रेनंतर तिचा फोन आला नाही. मी केला, तर बोलली दुसऱ्याच कशाकशाबद्दल.

दीड वर्षानं तिची फुप्फुसं पाण्यानं भरायला लागली. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. मी शाळेतून रजा काढून मळवलीला राहिले. आबांना रोज फोन करून सांगत होते. ते "बरं" म्हणायचे आणि ठेवून द्यायचे. एका सकाळी फाटक वाजलं. आबा. आयुष्यात पहिल्यांदा ते तिच्या दारात आले होते. मी म्हटलं, "आत या." ते आत आले नाहीत. अंगणात उभे राहिले, इकडंतिकडं बघितलं. आत्या आजारी पडल्यापासून बागेला पाणी नव्हतं, जास्वंदी मान टाकून होती. त्यांनी नळी उचलली, तोटी सोडली आणि आत्याच्या खिडकीखालच्या झाडांना पाणी घालायला लागले.

मी आत चहा ठेवला. आत्या कॉटवर भिंतीकडं तोंड करून पडली होती. बोलायचं तिनं दोन दिवस बंदच केलं होतं.

बाहेर शीळ सुरू झाली. नेहमीची दातातली फुसफुस नव्हे. त्या दिवशी आबांनी ओठ गोल केले होते. आणि जी चाल बाहेर आली ती कडीचीच होती. वरची. पन्नास वर्षं तोंडात दाबून ठेवलेली, पण एका जागी चुकलेली नव्हती. मी चहाचं आधण तसंच सोडून दारात आले.

आत्याचे डोळे मिटलेले होते. तिचा हात भिंतीकडं गेला. दोनदा थोपटली तिनं भिंत. मग तिच्या छातीतून, त्या पाण्यानं भरलेल्या छातीतून, तिचा तो खालचा आवाज आला. पुटपुटल्याएवढा. धाप लागत होती, ती मधे थांबत होती, पण जिथं थांबायचं तिथंच. पांघरुणावर अंगठा पेरांवरून सरकत होता आणि ती आठ पेरं खिडकीबाहेरून भरून येत होती. तोटीचं पाणी वाहत होतं, एकाच जास्वंदीच्या बुडाशी. नळी पुढं सरकत नव्हती.

गाणं संपल्यावर ती म्हणाली, "मने, दाराची कडी काढ. दादा आलाय."

दार उघडंच होतं. तरी मी जाऊन कडीला हात लावून आले.

अकरा दिवसांनी ती गेली. आबा रोज यायचे. आत यायचे, कॉटपाशी बसायचे. ती वही आता माझ्याकडं आहे. सगळ्यात जुन्या गाण्याच्या पानावरची शून्यं मी मोजली. चोवीस आहेत.

माझी आत्या सुशीला, गाव तिकोणा पेठ, एकेचाळीस वर्षं दुसऱ्यांच्या गाण्याखाली गायली. तिच्यामुळं आमच्या घरात मी पहिली पदवीधर झाले. आपल्या गावच्या देवळासमोर ती एकदा गायली, आणि शेवटचं गाणं ती आपल्या सख्ख्या भावाबरोबर गायली. ते पूर्ण झालं.